फोटोखालची मोकळी जागा

कोरीटच्या वाचनालयाची वेबसाइट नवनीत नानांनी सोळा वर्षं एकाच प्रोग्रामवर सांभाळली. तो प्रोग्राम काढणारी कंपनी कधीच बंद पडली होती आणि तो चालवणारा कॉम्प्युटर आता दर अर्ध्या तासाने मान टाकायचा. नाना पौषात गेले. फाल्गुनात समितीचे अध्यक्ष भटू अण्णा यांनी नानांच्या मुलीला, रोहिणीला, नाशिकहून बोलावून घेतलं. हा डबा कायमचा बंद पडायच्या आत नवं सॉफ्टवेअर निवडून दे, नाही जमलं तर साइट नव्याने करू, जुनं जाऊ दे, असं त्यांचं म्हणणं.

जुनं जाऊ द्यायला रोहिणी तयार नव्हती. नानांनी एकेक करून रचलेली दोनशे पानं होती ती. त्यांत खोड एकच. प्रत्येक फोटोखाली चार बोटं जागा मोकळी सुटायची. विचारलं की नाना म्हणायचे, प्रोग्रामच तसा आहे, त्याला कोण काय करणार.

रविवारी सकाळी समिती जमली. रोहिणीने तीन सॉफ्टवेअरं वाचनालयाच्या टीव्हीवर लावून दाखवायची ठरवली. तिची आई, कमलबाई, मागच्या बाकावर येऊन बसली.

पहिल्या सॉफ्टवेअरने सगळे फोटो गोल कापले. भटू अण्णांचा फेटा गेला, मिशी उरली. अण्णांनी स्वतःकडे जरा वेळ पाहिलं आणि दुसरं दाखव म्हणाले. दुसरं देखणं होतं, पण त्याला रिकामी चौकट बघवत नसे. त्याने पदरचे फोटो भरले. 'आमचे सभासद' या मथळ्याखाली सोनेरी केसांची एक बाई कॉफी पीत हसत होती.

"हाई बाई आपला गावनी दिसत नही," ग्रंथपाल फुलवंताबाई म्हणाल्या. "सभासद कव्हय व्हयनी?"

तिसरं साधं होतं. फोटो चौकोनी राहिले, पानं जागच्या जागी राहिली. रोहिणीला हायसं वाटलं. वाचकाला नीट दिसावं म्हणून ते सगळी अक्षरं आपणहून काळी करत होतं, एवढंच.

आणि फोटोखालच्या मोकळ्या जागा भरू लागल्या. नाना तिथे सोळा वर्षं पांढऱ्यावर पांढरं लिहीत आले होते.

वार्षिक सभेच्या फोटोखाली उमटलं, "भटू अण्णा पंचेचाळीस मिनिटं बोलले. तीन जण झोपले, त्यात मी." नव्या कपाटाच्या फोटोखाली, "पुस्तक उशिरा आणलं की फुलवंताबाई सगळ्यांना जाब विचारतात. लोणच्यांचं पुस्तक चार वर्षं त्यांच्याच घरी आहे."

टीव्ही बंद करायला रोहिणीने रिमोट उचलला. त्यातले सेल कुणीतरी भिंतीवरच्या घड्याळात घातले होते.

"पंचेचाळीस नही," अण्णा बऱ्याच वेळाने म्हणाले. "चाळीस."

यापेक्षा ती कॉफीवाली बरी, निदान बोलत तरी नाही, असं म्हणून ते उठून गेले.

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. लोक हसायला म्हणून आले आणि आपापलं नाव शोधू लागले. ज्यांचं सापडेना, ते सोळा वर्षांची वर्गणी आठवून रुसले. भटू अण्णांचं अकरा ठिकाणी निघालं. एवढं त्यांच्या सत्काराच्या पत्रिकेतसुद्धा नव्हतं. चार वाजता ते बायकोला घेऊन परत आले.

"तीन नंबरच ठेव, बेटा," ते म्हणाले. "लपाडानं काय शे आते?"

फुलवंताबाईंनी लोणच्यांचं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि पुढचं पान काढायला सांगितलं.

गर्दी ओसरल्यावर रोहिणीने सगळी पानं पुन्हा पाहिली. आईचं नाव कुठेच नव्हतं. ती आईला म्हणाली, नाना जागेचा दोष प्रोग्रामला द्यायचे, आणि तो बिचारा निर्दोष निघाला.

"प्रोग्राम काय करी?" कमलबाई म्हणाली. "तुन्हा नाना लिखेत नि माले वाची दाखाडेत. त्यास्ले काळंच ठेवनं व्हतं. मीच सांगं व्हतं, पांढरं करा. आपले याच गावमा ऱ्हावानं शे."

 रोहिणीने पहिल्या पानावर नवी ओळ लिहिली आणि खुर्ची सरकवून आईला जागा केली.

"नवनीत नाना आता येत नाहीत. वाचनालय मात्र नेहमीसारखं आठलाच उघडेल."

कमलबाईने ओळ वाचली. चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा वाचली.

"हाई काळंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.