एकाच केबलवरच्या भाकऱ्या

मशीनशी कसं बोलावं हे उरण तालुक्यात माझ्याइतकं कोणाला कळत नाही. हे मीच म्हणतोय, पण खरं आहे म्हणून म्हणतोय. आमच्या कंपनीत बिस्किटं पॅक करायची लाइन आहे, तिच्यातल्या सगळ्या मोटारी एका केबलवर एकमेकींशी बोलतात, आणि ते बोलणं जमवून देणारा माणूस म्हणजे मी, प्रज्योत. एक मोटर बिस्किट ढकलते, दुसरीला कळवते, दुसरी पकडते. पापणी लवायच्या आत निरोप इकडून तिकडे! आमच्या घरात ओटीवरचा निरोप चुलीपर्यंत पोचायला दुपार जाते.

म्हणून मनुआत्याच्या पोरीचं, प्राप्तीचं लग्न ठरलं, तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं की हळदीच्या भाकऱ्या माझं मशीन करणार. कंपनीतून भंगारात निघालेल्या मोटारी मी विकत घेऊन ठेवल्याच होत्या, नुसतं जोडायचं काम होतं.

आता आम्हा आगऱ्यांची हळद म्हणजे अख्खा गाव जेवायला. मटणाचा रस्सा आणि तांदळाच्या भाकऱ्या. त्या थापायला आळीतल्या बायका आपापले तवे घेऊन येतात आणि त्यांच्यात पहिला तवा मांडायचा मान गोदूकाकीचा. मी म्हटलं, कशाला त्यांना धुरात बसवायचं? यंदा थापायला नको, नुसतं जेवायला बोलव. आत्या कचरली, पण मी मोबाइलवर व्हिडिओ दाखवून दाखवून तिला वात आणला, तेव्हा कुठे तिने तसा निरोप धाडला. गोदूकाकीने निरोप ऐकला, "खावाला येनार नाय" म्हणाली आणि दार लावून घेतलं.

आत्याचा चेहरा उतरला. मला म्हणाली, "पोरा, माझी एकच पोर हाय. तिच्या हळदीला पावना उपाशी उठला तर मना या आळीत तोंड दाखवाला जागा नाय."

मी म्हटलं, "आते, तू नुसती नटून बस."

मशीन मंडपाच्या मागे मांडलं. एका टोकाला उकडीचे गोळे पाडणारी सुरी, मग दाब, मग भट्टी, मग थोडा उघडा पट्टा आणि शेवटी तोंडाला झडप लावलेली टोपली. दाबाची मोटर केबलवरून कळवणार, भाकरी निघाली. टोपलीजवळचा सेन्सर कळवणार, पोचली. निघालेली पोचली नाही, तर ती भट्टीत अडकून जळतेय असं समजून सगळ्या मोटारी एकदम थांबणार. ही अक्कल माझीच, हे वेगळं सांगायला नको.

उन्हं कलली तशी मी कळ दाबली. गोळा पडला, दबला, भट्टीत गेला आणि टम्म फुगून बाहेर आला! पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी मशीनच्या पाठीमागे लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेलो, मला समोरचं काही दिसत नव्हतं, पण शिट्ट्या ऐकून अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात सगळं थांबलं. स्क्रीनवर आलं की एक भाकरी पोचलेली नाही.

भट्टीत वाकून पाहिलं तर अडकलेलं काही नव्हतं. मग माझ्यासारख्या जाणकाराने काय समजावं? भाकरी पोचली, निरोप पोचला नाही. नेटवर्कचा घोळ! टोपलीत डोकावून बघायचं मला सुचलं नाही. समोर स्क्रीन असताना टोपलीत कोण बघतो?

केबल काढली, पुसली, परत लावली. पट्ट्यावरच्या अर्ध्याकच्च्या भाकऱ्या उपसून टाकल्या आणि पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच, एक भाकरी पोचली नाही. केबल बदलली. तेच. मोटारींच्या वायरींपासून केबल लांब नेली. तेच! पंगतीच्या पत्रावळी येऊन पडल्या होत्या, रश्श्याचा वास सुटला होता आणि टोपलीत बघणारी पोरं आता शिट्ट्या मारायची थांबली होती.

मग माझी नजर डीजेच्या जाड वायरवर गेली. माझ्या केबलला चिकटूनच गेली होती मेली. हीच निरोपात खरखर घालतेय, दुसरं काही नाही! मी डीजे बंद करायला लावला. हळदीचा डीजे बंद! डीजेवाल्या प्रणयने माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी त्याचीच नवरी पळवलीय.

आणि नेमका त्याच वेळी पनवेलच्या पाहुण्यांचा टेम्पो आला. मंडप आहे, माणसं आहेत आणि आवाज नाही. आगऱ्यांच्या हळदीला आवाज नाही याचा अर्थ एकच. बायकांनी डोक्यावरून पदर घेतले. एक आजोबा आत्याजवळ गेले आणि खालच्या आवाजात विचारलं, कवापासून असं? आत्याच्या डोक्यात मशीनशिवाय काही नव्हतं. ती म्हणाली, दुपार कलल्यापासून, जरा चालतं नि बंद पडतं. डॉक्टरला दाखवलं का? तर म्हणे, भाचाच बघतोय, मागं बसून तारा लावतोय. झालं! दोघीतिघींनी तिथेच गळा काढला. पिवळ्या साडीत बसलेली प्राप्ती बाहेर आली, आणि का ते न विचारता तीही रडायला लागली. कोणी गेलेलं नाही, हे सगळ्यांना पटवता पटवता आत्याच्या नाकी नऊ आले.

हे सगळं मला मागाहून कळलं, तेव्हा मी तिकडे बघितलंच नाही. मी परत कळ दाबली. पण आता डीजे नव्हता, म्हणून मशीनच्या पलीकडून आत्याची कुजबुज ऐकू आली, "गावदेवी माते, पयली तुझी."

मी उठून पलीकडे गेलो. आत्याने पट्ट्यावरून फुगलेली भाकरी अलगद उचलली होती आणि ती सुपात ठेवत होती. सुपात भाकऱ्यांची चळत, वर हळदकुंकू.

"आते, हे काय?"

"पयली भाकरी देवीची. ती काढल्याशिवाय कुनी खातं का?"

"अगं, पण इतक्या?"

"तू जितक्यांदा चालू केलंस, तितक्यांदा पयली आली. मी काय करू?"

मी कपाळावर हात मारून घेतला. मशीन बिचारं घसा फोडून खरं सांगत होतं आणि मी त्याचीच केबल पुसत बसलो होतो. आत्याला विनवलं की एवढी एक भाकरी जाऊ दे टोपलीत. ती नुसती सुपाकडे बघत राहिली. मला तिची दया आली, खरंच आली. मनात म्हटलं, देवीपुढे आपण कोण? जाऊन प्रोग्राम बदलला. पहिली भाकरी टोपलीकडे येणारच नाही, तिच्यासाठी टोपलीवरची झडप उघडायची नाही, दुसरीपासून मोजायचं. माणसाने एवढं तरी नमतं घ्यावं.

कळ दाबली. सुरी, दाब, भट्टी, सगळं झकास! आणि एकदम कडाकड आवाज. पहिली भाकरी बंद झडपेवर जाऊन आदळली, दुमडली, साखळीत गेली. मागच्या भाकऱ्या तिच्यावर चढल्या, साखळी उतरली आणि पट्टा टरकन फाटला.

"आते, काढली नाहीस?" मी ओरडलोच.

"तुझ्यासाठी नाय काढली रं," आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवीला हात जोडून बोललू, पोराचं तोंड बघवत नाय, आजच्या दिवस माफ कर."

मी लॅपटॉप मिटला.

मंडपात पंगत बसायला लागली होती. आत्याने पदर खोचला आणि आळीत निघाली. मी खाली मान घालून मागे. गोदूकाकीच्या दाराशी आत्या उंबऱ्याबाहेरच थांबली, म्हणून मीच म्हटलं, काकी, मशीन बंद पडलं.

"मग? मी काय मेकॅनिक हाय?" काकी म्हणाली.

आत्याने तिचे हात धरले. "गोदू, माझं चुकलं. माझ्या पोरीच्या हळदीला पावनं उपाशी चाललं."

काकी बाजूला झाली. आत चुलीजवळ टोपलीभर भाकऱ्या, गरम, फडक्याने झाकलेल्या. मग कळलं की अख्ख्या आळीने ठरवलं होतं, मनुबाईकडे मशीनच्या हातचं कोणी खायचं नाही. घराघरात हळदीला आलेले पाहुणे उतरले होते, त्यांच्यासकट सगळ्यांनी घरीच जेवायचं. म्हणून दुपारपासून प्रत्येक चुलीवर भाकऱ्या पडत होत्या. रुसव्याच्या भाकऱ्या!

"काकी, पण तुम्ही तर येणार नव्हता," माझ्या तोंडून निघून गेलं.

"खावाला येनार नाय, असं बोललू होतू," काकीने टोपली डोक्यावर घेतली. "वाढाला येनार नाय, असं कवा बोललू?"

आळीतलं एकेक दार वाजवत काकी पुढे आणि तिच्यामागे टोपल्यांची रांग. डीजे सुरू झाला. मघाशी गळा काढणाऱ्या पनवेलच्या बायका आता फुगडी घालत होत्या. रस्सा वाढला गेला, भाकऱ्या पुरल्या, एकही पाहुणा अर्धपोटी उठला नाही. आत्याचा चेहरा असा फुलला होता की मी केलेलं सगळं ती विसरली असणार, असं मला वाटलं.

मी शेवटच्या पंगतीला बसलो. काकी भाकऱ्या वाढत आली. माझ्या शेजाऱ्याला दोन दिल्या, माझ्यापुढे थांबली, आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुझी मशीनमधी असंल ना रं. जा, काढून घे."

आणि गेली पुढे. मी आशेने आत्याकडे पाहिलं. आत्या दुसरीकडे बघून हसत होती.

मी भात खाल्ला.