बंबाची फीत

एका जंगलात एक सायाळ राहत होती. सायाळ ठाऊक आहे ना, बाळांनो? अंगभर काटे असतात ती. तिचं नाव साळूबाई. तिला एकच लेकरू, टोचू.

साळूबाई होती फार काळजीची. टोचू शिंकला की तिचे काटे उभे. टोचू गप्प बसला तरी काटे उभे, कारण हा गप्प का बसला? शेजारपाजारचे तिच्याशी चार हात लांबूनच बोलत.

एकदा टोचूला डांग्या खोकला झाला. खोकून खोकून लेकरू निळं पडायचं. साळूबाई धावतपळत कासवआजीकडे गेली. आजी दीडशे वर्षांची. तिला सगळी औषधं तोंडपाठ.

"गरम पाण्याचा वाफारा दे," आजी म्हणाली. "रोज सकाळी, सात दिवस. एकही दिवस चुकवू नको गं बाई, नाहीतर खोकला छातीत उतरेल."

आता आली का पंचाईत! जंगलात कुणाच्या घरी चूल असते का? विस्तव ठेवायची परवानगी एकट्या सिंहमहाराजांच्या सरकारला. सरकारनं तळ्याकाठी पर्यटकांसाठी 'राजविहार निवास' बांधला होता. दारावर ही मोठी पाटी: चोवीस तास गरम पाणी.

साळूबाईनं पाटी तीनदा वाचली. मग टोचूला पुढं घातलं आणि आत शिरली.

आत व्यवस्थापक बसला होता, घोरपडअण्णा. घोरपडीची चिकाटी तुम्हाला माहीतच आहे. अण्णा एकदा खुर्चीला चिकटला तो चिकटला. उठायचा तेव्हा खुर्चीसकट उठायचा.

"अण्णा, माझ्या लेकराला गरम पाणी द्या हो," साळूबाई म्हणाली.

"खोली मिळेल. गरम पाणी नाही."

"पाटीवर लिहिलंय की!"

"मग खोटं लिहिलंय का? बंब आहे. तांब्याचा आहे. या, दाखवतो."

अण्णा खुर्चीसकट उठला आणि पुढं चालू लागला. न्हाणीघरात खरंच बंब होता. असा लखलखीत, की टोचूनं त्यात स्वतःचं तोंड पाहून जीभ काढली. पण बंबाला लाल फीत बांधलेली होती. वर फूल काढलेलं.

"ही कशाला?"

"उद्घाटन व्हायचंय. महाराजांना सवड झाली की येतील. त्याआधी विस्तव घालता येत नाही."

साळूबाईनं इकडंतिकडं पाहिलं. खाटेला फीत. झोपाळ्याला फीत. घसरगुंडीला, तळ्याकाठच्या होडीला, जेवणघराच्या दाराला, सगळ्यांना लाल फीत. निवास कसा नवऱ्या मुलासारखा सजला होता.

"अहो, मग सगळ्याचं एकदमच उद्घाटन करून टाका ना!"

अण्णानं तिच्याकडं कीव येऊन पाहिलं. "एकदम केलं तर जेवण एकदाच होतं, बाई."

इतक्यात खाटेखालून दोन लांब कान बाहेर आले. तो एक ससा होता, हवापालटाला आलेला.

"मी तीन दिवस इथंच झोपतोय, ताई," ससा म्हणाला. "खाटेवर झोपायला बंदी आहे. खाटेखाली चालतं. खाटेखालच्या जागेला उद्घाटन लागत नाही."

"पण माझं लेकरू निळं पडतंय हो!" साळूबाई रडकुंडीला आली. "ऐका ना, गरम पाणी द्या."

"तक्रार असेल तर पेटीत टाका."

"कुठाय पेटी?"

"ती काय कोपऱ्यात. पण तिलापण फीत आहे, तेव्हा आत्ता टाकू नका."

तेवढ्यात टोचूला खोकल्याची उबळ आली. खक्, खक्, खक्! साळूबाई झटकन त्याच्याकडं वळली. काटे ताडकन उभे राहिले. आणि तिची पाठ होती बंबाकडं.

कट्!

लाल फीत दोन तुकडे होऊन खाली पडली.

 टोचू खोकायचा थांबला.

"अरे देवा!" अण्णा किंचाळला. "उद्घाटन झालं! आणि प्रमुख पाहुणे कुठायत?" त्यानं भराभर नियमाचं पुस्तक उघडलं. पानं उलटली. एका ओळीवर त्याची जीभ थांबली. "फीत कापील तो प्रमुख पाहुणा... हुप्या! अरे हुप्या! हार आण! शाल आण! नारळ आण!"

हुप्या म्हणजे शिपाई. तो वानर होता. त्यानं धावत येऊन साळूबाईला हार घातला, तो काट्यांत अडकला. शाल पांघरली, तिची चाळण झाली. नारळ मात्र एका दणक्यात फुटला. कुठं आपटला ते विचारू नका.

अण्णा खाकरला. "आता प्रमुख पाहुण्या आपल्याला दोन शब्द सांगतील."

साळूबाईला काय सुचणार? ती म्हणाली, "माझ्या लेकराला गरम पाणी द्या हो."

"वा वा!" अण्णानं टाळ्या पिटल्या. "काय मौलिक मार्गदर्शन! हुप्या, बाईसाहेबांची सूचना आहे. ताबडतोब बंब पेटव!"

बाळांनो, वाक्य तेच होतं बरं का. तोंडही तेच होतं. गळ्यात हार तेवढा नवा होता.

हुप्यानं ढलप्या घातल्या, विस्तव केला. पाणी खळखळलं. साळूबाईनं टोचूला चाळण झालेल्या शालीखाली घेऊन वाफारा दिला. लेकराची छाती मोकळी झाली, आणि साळूबाईचे काटे कितीतरी दिवसांनी खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हसत हसत अण्णाकडं गेली. "अण्णा, आजचं गरम पाणी?"

"कसलं पाणी?" अण्णानं मानही वर केली नाही. "समारंभ काल झाला. बंब विझला. काल तुम्ही प्रमुख पाहुण्या होता. आज साध्या पाहुण्या."

साळूबाईनं बोटं मोजली. अजून सहा दिवस!

खाटेखालून ससा हळूच म्हणाला, "ताई, जरा खाटेला पाठ लावून बघता का?"

साळूबाईनं पाठ लावली. कट्!

"हुप्या! हार आण!" अण्णा ओरडला.

पुन्हा हार, पुन्हा शाल, पुन्हा दोन शब्द. दोन शब्द तेच. बंब पेटला. ससा खाटेवर चढला तो संध्याकाळपर्यंत उतरलाच नाही.

तिसऱ्या दिवशी झोपाळा. चौथ्या दिवशी घसरगुंडी. पाचव्या दिवशी होडी. ती पाण्यात सोडल्या सोडल्या बुडाली, पण भाषण चांगलं झालं. सहाव्या दिवशी जेवणघर. आत जेवण नव्हतं, घरच होतं. टोचूचा खोकला आता इतका कमी झाला होता, की तो भाषणाच्या मधेच टाळ्या वाजवायचा.

सातव्या दिवशी सकाळी साळूबाई आली, तर अण्णा तक्रारपेटीवर चढून तिला चारी पायांनी मिठी मारून बसलेला. खुर्ची पाठीला होतीच.

"बाई, तुमच्या पाया पडतो," अण्णा म्हणाला. "महाराज आज येताहेत. ही एकच फीत उरलीय. एवढी राहू द्या!"

"आजचा एकच दिवस आहे हो माझा. तुम्ही नुसतं पाणी द्या. फितीला हात लावत नाही."

"समारंभाशिवाय पाणी कसं देऊ? नियम आहे!"

साळूबाईनं टोचूकडं पाहिलं. टोचू हळूच खोकला. मग तिनं वाद घातला नाही. ती नुसती वळली, आणि पाठमोरी चालत चालत अण्णाकडं येऊ लागली. काटे ताठ.

आयुष्यात कशालाही न सोडणाऱ्या अण्णानं पेटी सोडली. खुर्चीही सोडली.

कट्! पेटीचं झाकण उघडलं. पेटीला बूडच नव्हतं. पण बंब पेटला, आणि टोचूचा सातवा वाफारा झाला. त्याचा खोकला पार गेला. साळूबाईनं त्याला कुशीत ओढलं, तसा तो "आई, टोचतंय!" म्हणून ओरडला, आणि ती पोट धरून हसली.

एवढ्यात दारात डरकाळी झाली. सिंहमहाराज आले. त्यांच्यामागं वाढपी, आचारी, पातेली.

अण्णा हात जोडून पुढं झाला. "महाराज, घात झाला. सातही उद्घाटनं होऊन गेली. एक फीत उरली नाही."

महाराजांनी आयाळ झाडली. बंब पाहिला, खाट पाहिली, खाटेवर घोरणारा ससा पाहिला.

"त्यात जेवणं झाली का?"

"नाही, महाराज. एकही नाही."

"मग उद्घाटन झालंच नाही," महाराज म्हणाले. "सशाला खाली घाला. फिती पुन्हा बांधा."

तात्पर्य: सरकारी निवासात पाहुणा होऊन कधी जाऊ नये, प्रमुख पाहुणा होऊन जावे. पाठीला काटे नसतील, तर घरून कात्री न्यावी.