कोटाला अजून वेळ आहे

इतक्या वर्षांत मी एकही कपडा बिघडवलेला नाही आणि एकही कपडा वेळेवर दिलेला नाही. हे मी मान खाली घालून नाही, छाती पुढे काढून सांगतो! पहिल्या गुणामुळे गिऱ्हाईक माझ्याकडे येतं आणि दुसऱ्यामुळे पुन्हा पुन्हा येत राहतं. ज्या बाळांची झबली माझ्याकडे शिवायला टाकली, ती बाळं नंतर स्वतःच्या पायांनी चालत येऊन झबली घेऊन गेली आहेत. पण मास्तरांची शिवण उसवली, असं कुणी म्हणून दाखवावं.

कोटवाले पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मला वाटलं, चला, एक शहाणं गिऱ्हाईक मिळालं. मऊ आवाज, स्वच्छ कापलेली नखं, उन्हातून येऊनही अंगाला घाम नाही. कोटासाठी काळपट कापड आणलं होतं. डाव्या बाजूला आतून एक लांबट, अरुंद खिसा हवा आणि अस्तराचा चालताना आवाज येता कामा नये, एवढंच मागणं होतं. मी मापं घेतली, कापड कापलं आणि नेहमीसारखं "मंगळवारी या" म्हणून मोकळा झालो.

मंगळवारी ते आले. कोट अर्थातच नव्हता. इतर गिऱ्हाइकं अशा वेळी आवाज चढवतात. हे शांतपणे बाकावर बसले आणि माझ्या मशीनचा घसरलेला पट्टा त्यांनी नीट बसवून दिला. पुढच्या खेपेला आम्ही बुद्धिबळाचा डाव मांडला. त्याच्या पुढच्या खेपेला तर मी कोटाचा विषय निघायच्या आतच पट मांडून बसलो. आमची गट्टी जमली. तसं माझ्याकडे दिवसभर कुणी ना कुणी येतं, पण ते भांडायला. हा एकटा माणूस माझं ऐकून घ्यायचा. काजं-बटणं करायला माझ्या बायकोची दुकानात बैठक असते. तीसुद्धा म्हणाली, "भावजी फार सोशिक आहेत हो."

एका दुपारी ती बाजारात गेलेली असताना मी सहज विचारलं, "एवढा लांब खिसा कशाला? बासरी वाजवता की काय?"

"हत्यार ठेवायला," ते म्हणाले आणि त्यांनी माझा उंट मारला.

मी हसलो. ते हसले नाहीत.

"म्हणजे धंदा काय तुमचा?"

"सुपारी घेतो, मास्तर. माणसं मारायची."

माझ्या हातातलं प्यादं हातातच राहिलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "सध्या हातात काही काम?"

"आहे की. तुमचंच."

"कुणी... कुणी दिलं?"

"नाव सांगत नसतो. तुमचंच एक गिऱ्हाईक आहे. फार ताटकळलंय बिचारं."

"मग तुम्ही थांबलाय कशासाठी?"

"माझा कोट अडकलाय ना तुमच्याकडे. एका शिंप्याने कापलेलं कापड दुसरा शिंपी हातात घेत नाही. मी बऱ्याच ठिकाणी विचारून आलो." मग पटाकडे बोट दाखवून ते तितक्याच मऊपणे म्हणाले, "तुमची चाल."

त्या दिवसापासून मला प्रत्येक गिऱ्हाइकाचा संशय येऊ लागला. डॉक्टर माझ्या गळ्याकडे जरा जास्तच बघतात असं वाटायचं. मुख्याध्यापक "तुमचं एकदा काहीतरी करायला हवं" असं म्हणाले होते, ते आठवून दरदरून घाम फुटायचा. पोलिसांत जावं, तर फौजदारांचा गणवेशही माझ्याकडेच अडकलेला. सुपारी त्यांचीच नसेल कशावरून?

शेवटी मी ठरवलं, सगळ्यांचेच कपडे देऊन टाकायचे. एकाचेच सोडून. कोट पुरा झाला की मी संपलो, हे उघड होतं. बाकी जे कपाटात साठलं होतं ते मी मशीनवर ओढलं. पाय थांबला नाही, दोरा संपला तर जो रंग हाती लागेल तो लावला, आणि एकेक कपडा घरपोच नेऊन दिला.

आणि सगळा बाजार माझ्याकडे संशयाने बघू लागला! डॉक्टरांनी शर्ट बाजूला ठेवून आधी माझ्या पापण्या ओढून पाहिल्या. "खरं सांगा, काय होतंय? कुठे दाखवलंत?" मुख्याध्यापकांनी पँट उजेडात धरली. "ही माझीच, याची खात्री आहे?" शेजारचा न्हावी येऊन कानात म्हणाला, "दुकान विकताय ना? मला आधी सांगायचं हं."

बायकोने तर सुई खाली ठेवली. "कुठे निघालात? आणि कुणाबरोबर?"

तिला काय सांगणार? भावजी मला मारणार आहेत, असं सांगितलं असतं तर भावजींना मी काय त्रास दिला, हेच तिने विचारलं असतं.

कोटवाले येतच होते. मी कोटाला बाही लावायचो आणि त्यांची चाहूल लागली की टराटरा उसवायचो.

"मागच्या वेळी दोन बाह्या होत्या," ते एकदा डोळे बारीक करून म्हणाले.

"खांदा उतरत होता. कोटाला अजून वेळ आहे."

त्यांनी उसवलेली बाही घडी घालून बाजूला ठेवली. मग आम्ही डाव मांडला. खरं सांगतो, त्याही दिवसांत मी त्यांची वाट बघायचो. ज्याच्या हातून मरायचं त्याचीच वाट बघायची, हे सांगायलाही लाज वाटते. पण यायचे नाहीत त्या दिवशी दुकान खायला उठायचं.

अशात एकदा मी कपडे पोचवून परत आलो तर खुंटी रिकामी.

"कोट कुठाय?"

"दिला भावजींना," बायको म्हणाली. "मीच पुरा केला. बाह्या लावल्या, अस्तर घातलं, इस्त्री करून हातात ठेवला. एवढ्या भल्या माणसाला किती रखडवायचं?"

"काय म्हणाले?"

"उद्या सकाळी येतो म्हणाले. तुम्हाला दुकानातच थांबायला सांगितलंय."

सकाळी मी तिला बहिणीकडे जायला सांगितलं. त्यामुळे मी पळून जाणार याची तिला खात्रीच पटली, आणि ती उंबऱ्यावर ठाण मांडून बसली. मी कपडे घालून बघायच्या पडद्याआड शिरलो. थोड्या वेळाने तो मऊ आवाज आला.

"वहिनी, मास्तर आहेत?"

"पडद्यामागे आहेत. सकाळपासून."

पडदा सरकला. कोट त्यांच्या अंगात होता आणि खांद्यावर असा बसला होता की मरायच्या घटकेला मला बायकोचा हेवा वाटला. त्यांचा एक हात आतल्या खिशाकडे गेला. मी डोळे मिटले. काहीच झालं नाही म्हणून उघडले, तर त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि दुसऱ्या बगलेतलं पुडकं टेबलावर ठेवलं. आत कोटाच्याच रंगाचं कापड होतं.

"याच्यावर पँट शिवायची आहे."

मी बायकोला ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं, "आणि ते गिऱ्हाईक?"

"त्यांचे कपडे मिळाले. त्यांनी सुपारी परत घेतली."

"म्हणजे मी सुटलो?"

"परवा दुसरे एक आले होते. भयंकर चिडलेले. तुम्ही घाईत शिवलेली त्यांची पँट चारचौघांत उसवली."

हे मला मरणापेक्षा जास्त लागलं. "मग? तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, काम करतो. पण माझी पँट मास्तरांकडे आहे, तेवढी हातात येऊ दे." त्यांनी बाकावर बसून पट पुढे ओढला आणि सोंगट्या लावायला घेतल्या. "तेव्हा कापड तेवढं आत्ताच कापून टाका. शिवायची काही घाई नाही."

माझे डोळे भरून आले. मी टेप उचलला. एवढ्यात उंबऱ्यावरून बायको कात्री घेऊन उठली.

"यांच्या भरवशावर राहू नका, भावजी. मी शिवते. परवा घेऊन जा."

"नको," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

तेव्हापासून तिला आम्हा दोघांचाही संशय येतो.