टेक ऑफचे उरलेले अर्थ

खऱ्या विद्वानाला मृत्यूचंही भय नसतं, असं म्हणतात. कान्हे गावचे निवृत्त इंग्रजी शिक्षक आदिनाथ सर मात्र चपलांना घाबरत. ओसरीवर ऐकत बसलेल्या माणसाचा अंगठा हळूहळू चपलेच्या दिशेने सरकू लागला, की सरांचा आवाज बारीक होई.

आयुष्यभर इंग्रजी शिकवून सरांनी त्यातल्या एकाच जोडक्रियापदावर जीव लावला होता. ते म्हणजे 'टेक ऑफ'. दोन फुटकळ शब्द, एकेकटे असताना कुणी विचारत नाही. पण जोडीने निघाले की बारा गावचं पाणी प्यायल्यासारखे वागतात, याचं त्यांना अपार कौतुक. या क्रियापदाचे सगळे अर्थ, प्रत्येक अर्थाचे समानार्थी शब्द आणि त्यांची उदाहरणं त्यांना तोंडपाठ होती. "सरांसारखं इंग्रजी अख्ख्या मावळात न्हाई," असं लोक मनापासून म्हणत, आणि उठत. शेवटच्या अर्थापर्यंत आजवर कुणीही टिकलं नव्हतं. पत्नी हिराताई तर 'रजा घेणे' आलं, की कुकर लावायला जात.

अशात महिपतीने त्यांचं नाव सुचवलं. महिपती सरांचा जुना विद्यार्थी. आता तो जवळच्या टेकडीवर पॅराग्लायडिंगच्या क्लबात पायलट होता. म्हणजे पुढ्यात पर्यटक बांधून घ्यायचा, त्याच्यासकट कड्यावरून हवेत जायचं आणि खाली सुखरूप उतरायचं. क्लब चालवणारी मानसी लोणावळ्याची. आपल्या पायलटांनी पाहुण्यांशी चार वाक्यं इंग्रजीत बोलावीत, अशी तिची इच्छा होती.

"सर, सकाळी सगळे वाऱ्याची वाट बघत टेकडीवर बसलेले असतात," ती फोनवर म्हणाली. "तेव्हा एक नमुन्याचा तास घ्या. त्यांनी तो पूर्ण ऐकला, तर दर रविवारी वर्ग सुरू करू."

सरांनी फोन ठेवला. चेहरा लग्न ठरल्यासारखा झाला होता.

"टेकडीवर आहे तास," ते हिराताईंना म्हणाले. "तिथून कोण कुठं उठून जाणार?"

"वारा सुटला की जातील," हिराताई म्हणाल्या. "तेच तर काम आहे त्यांचं."

रविवारी सर टेकडीवर पोचले, तेव्हा वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी खांबाला निजल्यासारखी लोंबत होती. सरांना ते दृश्य फार आवडलं. पायलट गवतावर ओळीने बसले होते. कड्याकडे तोंड करून महिपतीने आपला मोठा, दोघांना उचलणारा पंख जमिनीवर पसरून ठेवला होता आणि सरांसाठी पाण्याची बाटलीही आणली होती.

सरांनी सुरुवात केली. टेक ऑफ म्हणजे टोपी, चपला, कोट उतरवणे. टेक ऑफ म्हणजे किमतीतून काही वजा करणे. टेक ऑफ म्हणजे रजा घेणे. टेक ऑफ म्हणजे एखाद्याची नक्कल करणे. इथे त्यांनी जुन्या मुख्याध्यापकांची करून दाखवली आणि पायलट खरोखर हसले. चिक्कीच्या दुकानाचा जम बसून धंदा एकदम वर जाणे, तेही टेक ऑफच.

"आणि चालू असलेली लोकल वेळापत्रकातून बंद करणे," सर म्हणाले, "तेसुद्धा..."

कापडी नळीने डोकं उचललं.

दोन पायलट उठले. "सर, लय भारी सांगताय," एक म्हणाला. "पन वारा आलाय." बाकीच्यांनी हेल्मेटं घातली. सर जरा घाईने बोलू लागले, पण वारा त्यांच्याहून घाईत होता. थोड्या वेळात गवतावर फक्त माणसं बसल्याच्या खुणा उरल्या.

एकटा महिपती उरला. त्याचा पाहुणा पिंपरीहून आलेला. त्याने कड्याच्या टोकाशी जाऊन खाली पाहिलं, "पुढच्या वेळी बघू," म्हणाला आणि खाली उभ्या असलेल्या जीपकडे चालू लागला. महिपती पंखाला हुकाने जोडलेला होता. त्याला जाता येत नव्हतं.

हे सरांच्या लक्षात आलं. ते जवळ सरकले.

"तर महिपती, लोकल बंद करणे. त्यापुढे..."

"सर, थांबा वाइच. एकट्याला ओढतोय वारा. त्या म्होरल्या पट्ट्यात तुमी उभं ऱ्हावा. वजन पडंल. हे गुंडाळून घिऊस्तवरच."

"बोलता येईल ना?"

"बोला की."

सरांनी पट्टे सत्काराची शाल घ्यावी तसे अंगावर घेतले. महिपतीने नियमाप्रमाणे हूक लावले, डोक्याला हेल्मेट बसवलं. एवढ्यात कड्याखालून एक झोत आला आणि मागे पसरलेला पंख झोपेतून उठलेल्या हत्तीसारखा उभा राहिला.

"आता ह्यो खाली येत न्हाई. सर, पळा."

"पळून जाणे हाही त्याचा एक..."

"सर, पायानं पळा."

सर पळाले. टेकडी संपली तरी सर पळतच होते. काही वेळाने पायाखाली काही नाही हे त्यांनी पाहिलं, पाय आवरले आणि मागे मान वळवली.

"उतरता येईल का?"

"येतंय की. पन वरचा वारा चांगला हाय. लगेच न्हाई."

खाली इंद्रायणीचं पाणी वळण घेत होतं. रेल्वेचे रूळ दोरीसारखे दिसत होते. कुणीही घाबरलं असतं. सर विचार करत होते. महिपती त्यांना बांधलेला होता. त्याचे दोन्ही हात दोऱ्यांत होते. त्याच्या पायांत बूट होते, पण त्या बुटांना जायला जागाच नव्हती.

"तर," सर म्हणाले, "पळून जाणे. कुणाला न सांगता."

असे ते उरलेले सगळे अर्थ सांगत गेले, समानार्थी शब्दांसकट. महिपती हुंकार देत होता. एकदा त्याने चक्क विचारलं, "सर, म्हंजी आपलं 'काढणं'च की. चपला काढायच्या, रजा काढायची, पळ काढायचा."

इतक्या वर्षांत त्यांना कुणी उलट प्रश्न विचारला नव्हता.

"शाब्बास," ते म्हणाले. पुढचा अर्थ त्यांनी जरा सावकाश सांगितला.

शेवटचा अर्थ संपला, तेव्हा ते नथू आबांच्या कापलेल्या गव्हाच्या रानावर आले होते. दोघे ढेकळांत बसून उतरले. बांधावर आबा उभेच होते.

"मास्तर, मगाधरनं वरनं कुनाला वरडताय?"

"शिकवत होतो, आबा."

"मला वाटलं, देवाशी भांडताय." आबांनी पंखाकडे पाहिलं. "त्या लोकलचं काय सांगत व्हता? बंद करनार हायेत?"

जीपमधून उतरून मानसी धावत आली. आधी ती महिपतीला पुरेसं बोलली, आणि ते योग्यच होतं. मग सरांकडे वळून तिने माफी मागितली.

"तास मात्र पूर्ण झाला," सर म्हणाले. "विद्यार्थ्याला विचारा."

"शेवटपर्यंत ऐकला," महिपती म्हणाला. "लय डोकं हाय सरांचं. आन मॅडम, सर भ्यानं एकदाबी वरडलं न्हाईत."

मानसीने सरांना पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिच्याकडचे नवे पायलट पाहुण्यासह उडण्याचा सराव करत होते, आणि त्या सरावाला न घाबरणारा, हलक्या अंगाचा माणूस तिला मिळत नव्हता.

वर्ग सुरू झाला. दर रविवारी एकेका पायलटाला सरांसह वर पाठवतात. मधून उठून कुणीही जात नाही. टेकडीवरचे पायलट आता पाहुण्यांशी इंग्रजी बोलतात. क्रियापद एकच वापरतात, पण कुठेही अडत नाहीत, आणि पाहुणेही त्यांच्याकडे आदराने पाहतात. घरी परतलेले सर शांत असतात. हिराताईंचा कुकर वेळेवर लागतो.

मेअखेरीस क्लबाने पंखांच्या घड्या घालून ते पेट्यांत भरले. हिराताईंनी शिरगावच्या बहिणीला फोन करून तिच्याकडची खोली चार महिने रिकामी आहे का, ते विचारून घेतलं.

पावसाळ्यात उड्डाणं बंद असतात.