बिनकुटाची खिचडी

धायरीतल्या त्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन कधी घाईने येत नसे. आधी ते समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर रेंगाळे, मग खिडकीच्या गजांतून आत वाकून बघे आणि ओट्याच्या काळ्या दगडावरून सरकत छोट्या वजनकाट्यावर येऊन बसे. काटा तरीही शून्यच दाखवी. सलिल हातातला चहा निवेपर्यंत ते पाहत राही. न मोजता त्या घरात आत येणारं तेवढंच होतं.

बाकी सारं मोजलं जाई. प्रथिनांतला एक घटक पचवण्याची सोय सलिलच्या मुलीच्या, स्वरालीच्या शरीरात जन्मापासूनच नव्हती. तो रक्तात साठत गेला तर मेंदूला इजा होते, हे डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. म्हणून डाळ, दूध, दाणे बंद, भात ग्रॅमवर, आणि दिवसातून तीनदा ओल्या पोत्यासारखा वास येणारी औषधी पावडर. साबुदाणा तेवढा पोटभर. उपास कुणाचाच नसला तरी घरात बारमाही एकादशी होती.

एवढं सगळं लिफ्टमध्ये सांगता येत नाही, त्यातून सलिल लाजाळू. शेजारच्या कमरजहां आंटींनी विचारलं तेव्हा तळमजला येईपर्यंत पुरेल इतकंच तो बोलला, "दुधाची अ‍ॅलर्जी आहे." वाक्य इतकं सुटसुटीत निघालं की त्याने ते वडिलांनाही ऐकवून टाकलं. श्यामसुंदरराव निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, "आमच्या घराण्यात असलं काही नाही. आजोळचं असणार." सलिलच्या बायकोने, उत्कर्षाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि साबुदाणा भिजत घातला.

स्वरालीच्या सहाव्या वाढदिवसाला आंटी मोठं पातेलं घेऊन आल्या.

"सलिलभाऊ, खीर! दुधाचा एक थेंब नाही. सोयाबीनचं दूध काढलं आणि वरून बदाम. बच्ची बिचारी कधी खीर खाणार?"

सोयाबीन आणि बदाम! प्रथिनांच्या बाबतीत दुधाने निदान इतकी महत्त्वाकांक्षा दाखवली नसती. खरं सांगायला तोंड उघडून सलिल म्हणाला, "वा, छान."

उत्कर्षा आत पावडर कालवत होती. तेवढ्यात वाढदिवसाला आलेल्या श्यामसुंदररावांनी नातीच्या बशीत डोकावलं.

"सूनबाई, ही खिचडी? कूट नाही?"

"तिला असंच देतो, अण्णा," सलिल पुटपुटला.

"पुण्यात राहून बिनकुटाची खिचडी! शेंगदाण्याला कधीपासून दूध यायला लागलं?" म्हणत ते उठले, फडताळातली बरणी शोधली आणि मूठभर कूट खिचडीवर पेरला. आंटींनी शेजारी खिरीची वाटी ठेवली. चूक कुणाचीच नव्हती. सगळे सलिलच्याच वाक्याशी प्रामाणिक होते.

स्वरालीने चमचा उचलला आणि बाबांकडे पाहिलं. बाबा पंख्याकडे पाहत होते. तिने दोन घास खाल्ले. मग खीर. मग तिला राहवलं नाही.

"आंटी, मला हे चालत नाही. दाणे पण नाही, सोयाबीन पण नाही."

"हाय अल्ला! मग बोलली का नाहीस?"

"बाबा छान म्हणाले ना."

उत्कर्षा धावत आली, बशी आणि वाटी दोन्ही उचलून घेतली. "एका दिवसाने काही होत नाही," ती म्हणाली. आणि मग नवऱ्याने सहा वर्षांत जे सांगितलं नव्हतं, ते तिने चार वाक्यांत सांगितलं.

सलिल त्या एका प्रश्नाची वाट पाहत उभा राहिला: कुणाकडून आलं? आंटींनी डोळे पुसले आणि विचारलं, "मग साबुदाण्याची खीर नारळाच्या दुधात करू का? की तेही मोजावं लागतं?"

"मोजावं लागतं," उत्कर्षा म्हणाली. "पण करा. मी काटा देते."

प्रश्न कुणी विचारलाच नाही. श्यामसुंदररावांनी मात्र बरणीचं झाकण लावत हातातला कूट झटकला. "तरी मी म्हणतच होतो. आजोळचं..."

उत्कर्षा बशीतला कूट चमच्याने बाजूला काढत राहिली.

"अण्णा," सलिल म्हणाला, "एकाकडून आलं तर हा आजार होतच नाही. दोघांकडून यावा लागतो. अर्धा माझा आहे."