उजव्या सोंडेचा बॉक्सर

श्री. पेठ पेण येथील समस्त जाणते, नेणते आणि कारण नसतां मध्यें तोंड घालणारे यांचे सेवेसी विज्ञापना ऐसीजे. जितें गांवचा पोपट नामें शेतकरी गडी रोह्याचे मोहिमेंत कैसा लढला, आणि त्याचे उस्ताद मोरोपंत मास्तर यांनी त्यास हरविण्याची कोशीस कैसी शर्थीनें केली, तें बयाजवार लिहितों. लिहिणार कोणाचे मिठाचा मिंधा नाहीं, सबब जें घडलें तेंच लिहिलें आहे.

मोरोपंत पेणेंतील एका हायस्कुलांत कवायत मास्तर होते, ते पेन्शनीत निघाले आणि मग बॉक्सिंगचे उस्ताद झाले. स्वतः पंत आयुष्यांत एकच लढत लढले, आणि रिंगणाबाहेर ठेविलेला चश्मा कोणी नेईल या चिंतेनें पहिलेच फेरींत माघारी फिरले. ही हकीकत पंत सांगत तेव्हां ती बरोबरी म्हणोन सांगत. बोलणें पंतांचें अखंड; घास तोंडांत असला तरी वाणीस अटकाव नसे. गणपती गेले कीं मूर्तींच्या कारखान्यामागील शेड रिकामी पडे, ती पंतांनी मागोन घेतली, काथ्या भरलेलीं पोतीं आढ्यास टांगिलीं आणि शेडेस अकादमी हें नांव दिलें.

त्या समयीं पेणेचे एस.टी. स्टँडावर एक दांडगा इसम बायकांस लोटोन गाडींत शिरत होता, त्यास पोपटानें डावे हातानें एक ठोसा दिला. इसम लिंबांचे टोपलींत जाऊन बसला, तो गाडी सुटली तरी उठेना. पंत समोर उसाचा रस पीत होते. त्यांनी ग्लास टाकिला, पोपटास हातीं धरिलें आणि शेडेंत आणिलें.

आतां पोपटाचे अंगीं उपजत काय काय होतें तें लिहितों. बांधावरोन चालणाराचें पाऊल, तें निसरडें म्हणोन जाणत नसे. नजर ऐसी कीं ठोसा निघण्यापूर्वीं समजे. आणि डावा हात, त्याचें वर्णन लिंबवाल्यास पुसावें. ऐब एकच, कीं स्वतःचें तोंड झांकणें त्यास ठाऊक नव्हतें. आजवर कोणी मारावयास उरलाच नाहीं तर झांकणार कशास? उस्ताद शहाणा असता तर तेवढा ऐब काढिता आणि बाकीस हात न लाविता. परंतु शहाणा असता तर तो मोरोपंत कशास होता?

पंतांनी तीन दिवस विचार केला आणि सिद्धांत काढिला, तो पेणेवांचून दुसरे कोठें निघणें नाहीं. डावे सोंडेचा गणपती सौम्य, घरोघर चालतो. उजवे सोंडेचा कडक, त्याचें सोंवळें कडक, त्याची जरब मोठी. ही गोष्ट पेणेंत पोरासही ठाऊक. तस्मात् डावखुरा बॉक्सर सौम्य आणि उजवा बॉक्सर जागृत, ऐसें पंतांनी ठरविलें. आणि हुकूम केला कीं पोपटाचा डावा हात सुंभानें कमरेस बांधावा आणि यापुढें गडी उजवाच समजावा.

मग सोंवळें सुरू जाहलें. पोपटास सुकट बंद. स्नानावांचून पोत्यास शिवणें बंद. हातमोजे चामड्याचे, ते सोंवळ्यांत कैसे चालावे हा पेंच पडला, तेव्हां पंतांनी वरोन रेशमी रुमाल गुंडाळोन धर्म आणि बॉक्सिंग दोन्ही राखिले. डावा बांधलेला, उजव्यास अक्कल नाहीं, ऐसे स्थितींत तालमीचे गडी पोपटास यथेच्छ बडवीत आणि पंत शेजारीं बसोन जागृतपणा येत आहे ऐसें म्हणत. पोपट बिचारा भिडस्त, मास्तर म्हणजे मास्तर, म्हणोन उलटोन बोलला नाहीं. मार चुकवावा म्हणोन उजवा हात आपोआप हनुवटीपाशीं जाऊं लागला, तें मात्र पंतांचे ध्यानांत आलें नाहीं.

इकडे जित्यास भाताची कापणी आली. पोपटाची आई गिरजाबाई, घरांत दुसरा पुरुष नाहीं, तिनें कापणी एकटीनें केली आणि झोडणीही केली. माउलीचे कंबरेचे हाल लिहितां लेखणी अडते. मग तिनें फर्मान काढिलें तें येणेंप्रमाणें: "भात मी कापलाय, वाल तू उपटायचास. रोह्याला जिकलास तर खेळ, मी आड येनार नाय. हरलास तर ते हातमोजं चुलीत, आन परत नाव काढायचं नाय." पोपटास या खेळापरतें दुसरें कांहीं गोड लागत नव्हतें. तो रात्रीं जेवला नाहीं.

रोह्याचा मामला ऐसा, कीं जिल्ह्याचे संघांत पोपटाचे वजनाची जागा एकच होती, आणि समोर दिनानाथ, कारखान्यांत शिफ्ट करणारा, अंगानें खांब, तीन साल न हरलेला. मायलेकरें जित्यासच रेल्वेगाडींत बसलीं, पंत पेणेस चढले. बरोबर बादली, टॉवेल, स्टूल आणि रेशमी रुमाल ऐसा सरंजाम. गिरजाबाई डब्यांत कोपरा धरोन बसली आणि पंतांकडे एकदांही पाहिलें नाहीं.

पहिली फेरी जाहली, ती शिकस्त म्हणावी कीं कत्तल हा वाद आहे. पोपट पंतांचे शब्दाखातर उजव्यानें लढला, त्याचे ठोसे वाऱ्यास लागले आणि दिनानाथाचे ठोसे पोपटास. ओठ फुटला. फेरी सरोन स्टुलावर बसला तों पंतांनी उजवे सोंडेचें माहात्म्य मुळापासोन सांगावयास घेतलें, आणि माहात्म्य रंगांत आलें तोंच घंटा जाहली. पाणी द्यावयाचें राहिलें.

दुसरे फेरींत पोपट दोरास टेकला तेव्हां गिरजाबाई खुर्चीवर उभी राहिली आणि सगळें रोहें ऐकेल ऐसी ओरडली, "आरं पोपट, डाव्यानं जेवतस, डाव्यानं कोयता धरतस, मंग हितं काय हात घरी ठेवलास? मास्तर मार खातंय काय तुज्यासाठी? हान ना!"

पोपटानें पाय फिरविले. उजवा हात हनुवटीपाशीं राहिला, तेथें तो महिनोगणती मार खाऊन शिकला होता. दिनानाथाचे दोन ठोसे त्यावरच विझले. आणि मग डावा निघाला. दिनानाथ बसला. पंचांचे आठ अंक होतां उठला, आणि दुसरा डावा लागतां पुन्हां बसला, तो उठण्याचे फंदांत पडला नाहीं. पोपट जिल्ह्याचे संघांत दाखल जाहला. गिरजाबाईनें पदरानें डोळे पुसले आणि शेजारणीस सांगितलें कीं धूळ फार आहे.

पोपटासाठीं आणिलेला फुलांचा हार पंतांनी आपले गळ्यांत घालोन घेतला आणि जमलेल्या मंडळीस कळविलें कीं हा सारा गनिमी कावा आपलाच; शत्रूस उजव्यानें भुलवावा आणि डाव्यानें मारावा ही मसलत आपण पूर्वींच केली होती. तेव्हां पोपटानें, ओठास बर्फ लावीत, हयातींतलें पहिलें फर्मान काढिलें.

"सर, उजव्यानं त्वांड झाकायला तुमच्याकडंच शिकलो, त्याला मी नाय म्हनत नाय. पर हात आता बांधायचा नाय. आन कोपऱ्यात बसायचं असंल तर पानी द्यायचं, बोलायचं नाय. जमतंय?"

पंतांस संघाबरोबर परगांवीं जाण्याची हौस फार, कोपऱ्यांतील स्टुलावर जीव जडलेला. बहुत वेळ गळ्यांतला हार चाळविला आणि मान हलविली. ऐसा तह जाहला.

परतीचे गाडींत तहाची परीक्षा जाहली. रोहें सुटलें. नागोठण्यास पंतांनी घसा खाकरला; पोपटानें पाण्याची बाटली पुढें केली, पंत प्याले. कासूस एक प्रवासी पोपटाचा ओठ पाहोन काय जाहलें म्हणोन पुसता जाहला, आणि पंतांचा चेहरा ऐसा जाहला कीं पाहवेना. तथापि ओठ मिटलेले राहिले. पेण आली. पंत बादली घेऊन खालीं उतरले आणि फलाटावरोन मुकाट्यानें हात हालविला.

दिनानाथास पाडणारे पुढेंही निपजतील. मोरोपंत रोह्यापासोन पेणेपर्यंत एक शब्द बोलले नाहींत, ही फत्ते मात्र पोपटाखेरीज कोणास जाहली नाहीं, आणि ती येथें लिहोन ठेविली असे.