सिंकखालचा फोटो

झुरळं मारण्याचा धंदा काकूंनी एकटीच्या हिमतीवर उभा केला होता. त्यामुळे त्याची जाहिरात कशी करायची हे आपल्याला कोणी शिकवू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. सुनेने मोबाइलवर धंद्याचं पेज काढून दिलं, तेव्हाही त्या बधल्या नाहीत.

"आई, रोज सकाळी एखादं फूल टाकायचं," सून म्हणाली. "लोकांना प्रसन्न वाटलं पाहिजे."

"आपण फुलं विकतो का? झुरळं मारतो, तर झुरळंच दिसली पाहिजेत."

काकूंनी स्वतःच्याच सिंकखाली औषध मारलं, हिरव्या फरशीवर उताणी पडलेल्या झुरळांचा फोटो काढला आणि पेजवर टाकला. खाली लिहिलं, ‘यांचा निकाल लागला. तुमच्याकडच्यांचं काय?’

तासाभरात हॉटेलवाल्या शेठजींचा फोन आला. "काकू, माझ्या किचनचा फोटो जगाला दाखवता?"

"अहो, तो माझ्या घरचा आहे."

"मी माझी फरशी ओळखत नाही का?"

पाठोपाठ कँटीनचा ठेकेदार कडाडला. मग वसतिगृहाच्या मॅनेजरबाई रडवेल्या आवाजात बोलल्या. फरशी प्रत्येकाचीच हिरवी होती आणि प्रत्येकाला ती झुरळंही ओळखीची वाटत होती. काकूंचा धंदा चालायचा तो या तिघांच्या जिवावर.

"आई, काढून टाक तो फोटो," मुलगा काकुळतीला आला. "तिघंही तुटतील."

"तुटू देत. खोटं काय आहे त्यात?"

शेठजींचा विश्वास बसेना. ते थेट काकूंच्या घरी येऊन थडकले आणि कडक इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता सिंकखाली वाकले. पुरावा राहावा म्हणून सून मोबाइलवर शूटिंग करत होती. फोटोतली हिरवी फरशी इथलीच आहे हे पाहून शेठजींचा चेहरा जरा निवळतोय, तोच पाइपमागून एक जाडजूड झुरळ बाहेर आलं. काकूंनी चप्पल हाणली, ती बादलीवर बसली. शेठजींनी शांतपणे बूट उचलला आणि झुरळावर ठेवला.

"काकू, तुमच्याच घरात?"

"माझ्याच घरात. पण मी लपवत नाही. तुम्ही मला मागच्या दाराने बोलावता, गाडीवरचं नाव झाकायला लावता. म्हणून नुसती फरशी बघून तुम्हाला घाम फुटला."

शेठजींनी बूट पायपुसण्यावर घासला आणि म्हणाले, "शनिवारी या. पुढच्या दाराने."

सुनेने ते शूटिंग पेजवर टाकलं. दुसऱ्या दिवशी फोन थांबेना. सगळ्यांना घरी हवे होते ते बूटवाले साहेब. एका बाईंनी तर आधीच बजावलं, "त्या चपलेवाल्या काकूंना तेवढं पाठवू नका."

"मीच ती," काकू म्हणाल्या. "पत्ता सांगा."